गडबचीं घरें आणि गडबचा स्वभाव

मुंबईहून गोव्यास जाणाऱ्या हमरस्त्यानें पेण सोडलें, वडखळचा नाका गांठला आणि उजव्या हाताचा अलिबागचा फांटा तसाच राहूं देऊन सरळ पुढें निघालें, म्हणजे डोलवीच्या कारखान्यामागून गडब हें गांव येतें. मोटारींतून जाणाऱ्यास तें क्षणभरच दिसतें. चहाचीं दुकानें, लोखंडी पडद्यांचे गाळे, एक-दोन मजली सिमेंटचीं घरें आणि त्यांच्या फटींतून मध्येंच डोकावणारें एखादें कौलारू छप्पर, इतकेंच काय तें दृश्य. यांत लिहिण्यासारखें काय आहे, असें वाचक म्हणतील. कारण आमच्या रायगड जिल्ह्यांत, ज्यास १९८१ पूर्वीं कुलाबा जिल्हा म्हणत, अशीं गांवें शेंकड्यांनीं आहेत. परंतु या बाजूस आमच्या शिक्षकीचीं बरींच वर्षें गेलीं. आणि गांवांतील इमारती नीट न्याहाळल्या तर त्यांत माणसांच्या स्वभावाचा जमाखर्चहि लिहिलेला आढळतो, असें आमचें मत दिवसेंदिवस दृढ होत गेलें. तो जमाखर्च आज वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

संस्कृतांत 'वस्' म्हणजे राहणें. 'वास्तु' हा शब्द या धातूपासून झाला, आणि ज्या 'वसति' शब्दाची मराठींत आपण 'वस्ती' केली तोहि याच धातूचा. एका शब्दानें भिंती सांगितल्या जातात, दुसऱ्यानें माणसें. मूळ मात्र एकच. ही व्युत्पत्ति आम्हीं मुलांस कित्येक वर्षें फळ्यावर लिहून दिली. तिचा खरा अर्थ मात्र आम्हांस गडबच्या एका ओटीवर उमगला. ती हकीकत पुढें ओघानें येईलच.

गडबच्या पश्चिमेस अंबा नदी खाडीचें रूप घेऊन धरमतरकडे जाते. हा सारा मुलूख खारेपाटाचा. समुद्राची भरती जेथवर चढते त्याहून खालच्या पातळीवर येथील भातशेतें पसरलेलीं आहेत. म्हणून या बाजूची पहिली इमारत घर नव्हे, देऊळहि नव्हे. पहिली इमारत म्हणजे खाडीचा बांध. मातीचा आणि दगडाचा हा लांबच लांब बांध, व त्यांत जागजागीं ठेवलेल्या उघाड्या. भरती आली कीं उघाडीचें दार पाण्याच्याच रेट्यानें मिटावें, आणि ओहोटी लागली कीं आंतील पावसाच्या पाण्यानें तें उघडावें, अशी ती साधी पण चतुर योजना. बांधून काढलेल्या अशा खाऱ्या जमिनीस पूर्वीं शिलोत्री म्हणत, आणि बांधाच्या डागडुजीसाठीं शेतकऱ्याकडून भात घेतलें जाई. बांधास भगदाड पडलें म्हणजे 'खांड गेली' असें म्हणावयाचें. खांड गेली कीं खारें पाणी शेतांत शिरे, आणि पुढें कांहीं वर्षें त्या शेताचा भरंवसा नसे. अशा वेळीं हांक आली तर घरटीं एक माणूस टोपली-फावडें घेऊन चिखलांत उतरे. जो न उतरे त्याचें नांव गांवांत बराच काळ निघे. उंचवट्यावर एकमेकांस खेटून बसलेलीं घरें आणि हांकेसरशीं उठणारीं माणसें हीं दोन्ही या बांधाचींच अपत्यें होत.

१९४८ सालीं मुंबई सरकारनें खारजमिनींसंबंधीं कायदा केला, व १९७९ सालीं महाराष्ट्र सरकारनें त्याच्या जागीं दुसरा आणला. बांध सरकारी देखरेखीखालीं आले आणि कित्येक उघाड्या सिमेंटाच्या झाल्या. शेतकऱ्याचा बोजा हलका झाला, हें कोणीहि नाकबूल करणार नाहीं. परंतु पूर्वीं खांड गेली म्हणजे लोक फावडें शोधीत, ते पुढें कागद आणि लेखणी शोधूं लागले. असे अर्ज आम्हीं स्वतः अनेकांस लिहून दिले आहेत. अर्जाची भाषा सुधारली. हांकेस ओ देण्याची संवय मात्र कमी झाली.

आतां घरांकडे वळूं. आमच्या लहानपणीं, म्हणजे १९६० नंतरच्या दशकांत, या बाजूस पेंढ्याचीं घरें पुष्कळ होतीं. कारवीचा कुड, त्यावर माती-शेणाचा गिलावा आणि वर भाताच्या पेंढ्याचें छप्पर. पुढें ओटी, आंत माजघर, मागें चूल व बाजूस गुरांचा गोठा. मृग लागण्यापूर्वीं घर शाकारून घ्यावें लागे, आणि शाकारणी हें एकट्यादुकट्याचें काम नव्हे. आज तुमचें छप्पर, उद्यां आमचें, अशी पाळी लावून आळीचीं माणसें एकमेकांच्या छपरावर चढत. ज्याचें घर शाकारावयाचें त्यानें दुपारीं सर्वांस जेवूं घालावें, अशी रीत होती. त्यामुळें वर्षांतून एकदां तरी भांडलेले भाऊ एका पंगतीस बसत. दुसऱ्या बाजूनें पाहिलें तर पेंढ्याच्या छपरासारखा शत्रु नाहीं. चैत्र-वैशाखांत एका चुलीची ठिणगी उडाली तर सारी आळी भस्म होण्याची धास्ती; शिवाय पेंढ्यांत विंचू व सापहि असावयाचे.

या धास्तींतून मंगळुरी कौलानें लोकांस सोडविलें. १८६५ सालीं बाझल मिशननें मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला. तेथून हीं चपटीं तांबडीं कौलें समुद्रमार्गें कोंकणच्या बंदरोबंदरीं येऊं लागलीं. प्रथम तीं सरकारी बंगल्यांवर व सधनांच्या घरांवर चढलीं, आणि विसावें शतक जसजसें पुढें सरलें तसतशीं साध्या शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोंचलीं. कौलाचा भार सोसावा म्हणून कुडाच्या जागीं विटेची भिंत आली, आढें उंच झालें, घरांत उजेड आला. वर्षाकांठीं दोन दिवस कौलें चाळलीं कीं काम भागे. आगीची भीति गेली ती उत्तमच झालें. पण तिच्याबरोबर शाकारणीचीं चार माणसें आणि ती दुपारची पंगतहि गेली. नफा व तोटा एकाच गाडींतून आला, आणि तोटा कोणाच्या ध्यानांतहि आला नाहीं.

परंतु घराची खरी ओळख छपरावरून होत नाहीं, ती ओटीवरून होते. आपल्यापैकीं बहुतेकांच्या जुन्या घरास ओटी होती, आणि तिच्याविषयीं आपण मोठ्या प्रेमानें बोलतों. संध्याकाळची परवचा, आल्यागेल्याचें पाणी, पंचांगाचें वाचन, हें सर्व ओटीवर होई. सर्व खरें. पण त्या ओटीस कांहीं न दिसणाऱ्या पायऱ्या होत्या. सोयरा-धायरा ओटीवर बसे. कूळ अंगणांत उभें राही. कातकरी अंगणाच्या कडेस. आणि ज्यांस समाजानें अस्पृश्य ठरविलें होतें ते अंगणाबाहेर. कोण कोठें थांबावयाचें हें कोणी कोणास सांगत नसे. घराची बांधणीच तें सांगत असे.

या पायऱ्यांस पहिला धक्का शाळेच्या इमारतीनें दिला. त्याआधीं खेड्यांतील शाळा कोणाच्या तरी ओटीवर नाहींतर देवळांत भरे. आणि जेथें देऊळ तेथें कांहीं मुलांस दारच बंद. १९२३ च्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यानें शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे आला. त्याच वर्षीं रावबहादुर सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळांत मंजूर झाला, आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा व शाळा अस्पृश्यांस मोकळ्या असाव्यात, असें ठरलें. ठराव कागदावरून जमिनीवर उतरण्यास किती झगडावें लागलें, हें १९२७ सालीं याच कुलाबा जिल्ह्यांत महाडच्या चवदार तळ्यानें साऱ्या देशास दाखविलें. पण एकदां गांवांत शाळेची स्वतंत्र इमारत उभी राहिली म्हणजे ती कोणाच्या मालकीची ओटी राहत नाहीं. लांबट खोल्या, पुढें पडवी, भिंतीवर नकाशा, खालीं एकच पट्टी. तीवर कोणीं कोठें बसावें हें हजेरीपटावरून ठरावयाचें, कुळावरून नव्हे. १९६२ सालीं जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर अशा शाळांचा कारभार त्यांच्याकडे गेला. गडबच्या टापूंत आग्री, कोळी व कातकरी मुलें एका पट्टीवर बसलेलीं आम्हीं पाहिलीं, शिकविलीं, आणि तीं एकमेकांच्या डब्यांतील भाकरी खातात याकडे मुद्दाम दुर्लक्षहि केलें.

दुसरा धक्का जमिनीच्या कायद्यांचा. १९३३ सालीं अलिबाग तालुक्यांत चरी येथें नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं कुळांनीं खोतांविरुद्ध संप पुकारला. तो १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षें लोकांनीं स्वतः कसलेलीं शेतें पडीक ठेवलीं आणि मोलमजुरीवर दिवस काढले. डॉ. आंबेडकरांनींहि त्यांस पाठबळ दिलें. पुढें १९४८ चा कूळकायदा, १९४९ चा खोती नष्ट करणारा कायदा, आणि १ एप्रिल १९५७ चा तो दिवस, ज्या दिवसापासून कसणारें कूळ जमिनीचें मालक मानलें गेलें. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं हा विषय अजूनहि हळुवार आहे, हें आम्ही जाणतों. आमच्या घरचीहि थोडी जमीन अशीच गेली. वडिलांस वाईट वाटलें. पण ज्यास ती जमीन मिळाली त्यानें काय केलें, हें आपल्यांतील फारच थोड्यांनीं जाऊन पाहिलें. त्यानें घर बांधलें. विटेचें, कौलारू, आणि पुढें ओटी असलेलें. खारेपाटांत १९६० पासून पुढें उभ्या राहिलेल्या कौलारू घरांचें जोतें या कायद्यांवर रचलेलें आहे.

आतां ती हकीकत. जमीन गेल्यावरहि आमचें पूर्वींचें एक कूळ दर दिवाळीस नव्या भाताचे पोहे घेऊन पेणला आमच्या घरीं येई. ते गृहस्थ अंगणांत उभे राहत, खुशाली विचारीत आणि जात. वडील स्वभावानें सौम्य. त्यांस कधीं उणा शब्द बोललेले आम्हीं ऐकलें नाहीं. पण 'वर या, बसा' हे शब्दहि ऐकले नाहींत. पुढें १९८५ च्या सुमारास आम्ही त्या बाजूस मास्तर असतां एक हुशार मुलगी शाळेंतून काढून घेतल्याचें कळलें, म्हणून गडबला तिच्या घरीं गेलों. पाहतों तों घर त्याच गृहस्थांचें, आणि मुलगी त्यांची नात. त्यांनीं लगबगीनें खुंटीवरची सतरंजी काढली, झटकली, ओटीच्या कोब्यावर अंथरली आणि म्हणाले, "मास्तर, वर या. बसा."

आम्ही बसलों. आंतून पाणी आलें, मग चहा आला. बोलणें मुलीच्या शाळेचें चाललें होतें. आमच्या मनांत मात्र दुसराच हिशेब चालला होता. हा मनुष्य आमच्या दारीं वर्षानुवर्षें आला आणि एकदांहि बसला नाहीं. आम्ही याच्या दारीं प्रथम आलों आणि पहिल्या घटकेस बसलों. मुलीस पुनः शाळेंत पाठविण्याचें त्यांनीं कबूल केलें, व तें पाळलेंहि. पुढच्या दिवाळीस ते नेहमींप्रमाणें आले आणि नेहमींप्रमाणेंच अंगणांत उभे राहिले. आम्हीं हात धरून त्यांस ओटीवर बसविलें, तेव्हां त्यांचा जीव अवघडला, आणि आमच्या वडिलांचाहि. पण पोह्यांची पिशवी त्या दिवशीं प्रथमच हातांतून हातांत आली.

असो. जी ओटी कुळानें इतक्या कष्टानें मिळविली ती पुढच्या चाळीस वर्षांत कोठें गेली, हें आतां पाहावयाचें. राज्य परिवहनाची पहिली मोटार १९४८ च्या १ जून रोजीं पुणें व अहमदनगर यांच्या दरम्यान धांवली, आणि पुढें एस. टी. गांवोगांव पोंचली. आपट्यापर्यंत आलेली आगगाडी १९८६ सालीं रोह्यापर्यंत गेली, तेव्हां पेण आणि नागोठणें यांच्या मध्यें कासू स्थानक झालें. १९९८ सालीं कोंकण रेल्वे सुरू झाल्यावर हाच मार्ग मुंबई व मंगळूर यांस जोडणारा झाला. ज्या गांवाचें तोंड बांधाकडे व शेताकडे होतें तें हळूहळू सडकेकडे वळलें. सडकेकांठीं दुकानें उभीं राहिलीं. मोटारीच्या थांब्यावरील बाकावर कोणीहि बसावें, कोणी जात विचारीत नाहीं; ही मोठीच गोष्ट झाली. पण तेथें कोणी खुशालीहि विचारीत नाहीं, हेंहि लिहून ठेवलें पाहिजे.

मग १९९० नंतरच्या दशकांत शेजारीं डोलवीस इस्पातचा लोखंड-पोलादाचा कारखाना उभा राहिला; २०१० सालीं तो जे. एस. डब्ल्यू. कडे गेला, आणि त्याची क्षमता पुढें वर्षास ५० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्यांत आली. एवढा मोठा कारखाना म्हटल्यावर परप्रांतींचा कामगार आला. त्यास राहण्यास खोली हवी. खोलीचें भाडें भाताच्या उत्पन्नापेक्षां नियमित येतें, हें शेतकऱ्यास कोणीं शिकवावें लागलें नाहीं. कौलें उतरलीं, स्लॅब पडला, स्लॅबवर खोल्या चढल्या. जिना मुद्दाम बाहेरून काढला, म्हणजे भाडेकऱ्यास घरांतून जावें लागूं नये. ओटीस लोखंडी जाळी लागली. पुढें जाळीमागें भिंत आली आणि ओटीची खोली झाली, किंवा गाळा झाला. सरकारी घरकुलांची गोष्ट निराळी नाहीं. २०१६ पासून सुरू झालेल्या योजनेंत घराचें किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारें २७० चौरस फूट धरलेलें आहे. ज्याच्या डोक्यावर छप्पर नव्हतें त्यास हें मोठेंच वरदान. पण एवढ्या जागेंत खोली, स्वयंपाकघर व न्हाणी बसवून ओटीस जागा कोठून उरणार? त्यांत २०११ सालीं पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या हमरस्त्याचें रुंदीकरण सुरू झालें व तें वर्षानुवर्षें रेंगाळलें. धुळीनें आणि गोंगाटानें सडकेकांठच्या लोकांनीं उरलींसुरलीं दारेंहि लावून घेतलीं.

स्लॅबच्या घरास नांवें ठेवणें सोपें आहे, आणि आमच्या वयाच्या माणसांस तर तो छंदच जडलेला असतो. पण ज्यांनीं रात्रभर गळणाऱ्या छपराखालीं भांडीं मांडलीं, ज्या बायांनीं जन्मभर जमिनी सारविल्या, त्यांस विचारा. गळती गेली, घरांत न्हाणी व संडास आला, सुनेस पहांटे अंधारांत शेताकडे जावें लागत नाहीं. हें सुख कोणत्याहि काव्यापेक्षां मोठें आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं जुन्या गांवांत बसावयास जागा होती, पण सर्वांस बसूं देत नसत. नव्या गांवांत कोणास बसूं नको म्हणत नाहींत, पण बसावयास जागाच राहिली नाहीं. विसाव्या शतकानें ओटीच्या पायऱ्या मोडल्या, आणि मोडतां मोडतां ओटीहि मोडली.

हें सारें आम्ही दुसऱ्याच्या गांवाविषयीं मोठ्या शहाणपणानें बोलत असूं. पण गेल्या वर्षीं प्रश्न आमच्याच घरीं आला. पेणच्या आमच्या घराचें छप्पर उतरून स्लॅब घालावयाचें ठरलें. थोरल्या चिरंजीवांचें म्हणणें, ओटी काढून तेथें मोटार ठेवावी. आम्हीं साफ नकार दिला. ओटी म्हणजे घराची अब्रू, ओटी म्हणजे परंपरा, असें पुष्कळ बोललों; गडबची हकीकतहि सांगितली. घरांत दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशीं धाकटी सूनबाई ताट वाढतांना शांतपणें म्हणाली, "बाबा, ओटी राहावी असें मलाहि वाटतें. पण या घरांतल्या बायकांपैकीं ओटीवर कोण बसलें होतें, तेवढें सांगा."

आम्ही घांस हातांत धरून राहिलों. आमची आई ओटीवर बसलेली आम्हांस आठवेना. ती माजघराच्या उंबऱ्यापर्यंत येई, दाराआडून बोले आणि परत जाई. कुळाची पायरी पाहण्यास आम्हांस गडबला जावें लागलें. घरांतली पायरी साठ वर्षें डोळ्यांपुढें असून दिसली नाहीं.

शेवटीं ओटी राहिली. वर स्लॅब पडला. मोटार बाजूच्या गल्लींत उभी राहते व पावसांत भिजते. ओटीचें जोतें मात्र खालीं घेतलें, म्हणजे म्हाताऱ्यास आणि लहानास सारखेंच चढतां यावें. जाळी लावली नाहीं, आणि भिंतीलगत एक लांब बांक बांधून घेतला. कोबा वाळल्यावर एके दिवशीं दुपारीं बाहेर आलों, तर सौभाग्यवती वालाच्या शेंगा घेऊन त्या बांकावर सोलीत बसली होती. समोरून जाणाऱ्या ओळखीच्या बाईस तिनें हांक मारून बसवून घेतलें होतें. आम्हांस पाहून ती म्हणाली, "इथें वारा छान येतो हो." लग्नास चाळीस वर्षांहून अधिक झालीं; तो वारा तेव्हांहि येतच असला पाहिजे.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं आज ना उद्यां जुनें घर पाडण्याचा प्रश्न येईल. कांहींच्या घरीं तो आला असेल. छप्पर कौलांचें असावें कीं स्लॅबचें, हें ज्यानें त्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें ठरवावें. आमची विनंति एवढीच कीं नकाशा पुरा होण्यापूर्वीं घरांतील सर्व माणसांनीं, बायकामुलांसुद्धां, एकत्र बसून एका प्रश्नाचें उत्तर काढावें: दाराशीं आलेलें माणूस कोठें बसेल, आणि त्याच्याशीं बोलण्यास घरांतून कोण कोण येऊन बसूं शकेल? गडबसारख्या गांवांतून नवीं घरें रोज उठत आहेत, आणि तेथेंहि हा प्रश्न विचारणारें कोणी तरी हवें. आम्हीं शिकविलेल्यांपैकीं कोणी तो विचारील, अशी आशा आम्ही बाळगून आहों.